पिस्तुलाला हळदीकुंकू

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पिस्तूल पुसणं.

स्वयंपाकघरात लादीवर जुनं धोतर पसरलं होतं. त्यावर नातीचं पिस्तूल, बाजूला कान साफ करायच्या कापसाच्या काड्या आणि हिच्या फाटक्या साडीच्या चिंध्या. मी धरायचं, हिने पुसायचं. काडी आत घालायची, बाहेर काढली की लाल. दुसरी घालायची, तीही लाल. चिंधी फिरवली तर पिवळी. नात गणिताच्या क्लासला गेली होती, ती यायच्या आत काम उरकायचं होतं. पण ही मधेच हसायला लागली. म्हणाली, एवढं कुंकू तर माझ्या लग्नात नव्हतं. मलाही हसू आलं, आणि मी हललो तशी काडी आतच मोडली. मग ती काढायची खटपट. चिमटा आणला, शेवटी केसाच्या पिनेने निघाली.

दुसर्‍या दिवशी पहाटे ही झोपेत गेली. डॉक्टर म्हणाला, हृदय थांबलं. ते मलाही कळत होतं.

रडलो त्याचं मी लिहिणार नाही. रडलो ते रडलो. पिस्तुलाचं लिहितो, कारण त्यात ही अख्खी आहे. मी चौथी शिकलेला. लालबागच्या मिलमध्ये साचेखात्यात होतो, साचे म्हणजे कापड विणायचे माग. मिल बंद पडली मग करी रोडला एका टॉवरखाली वॉचमन. आता आमच्या चाळीचाच टॉवर झालाय आणि आम्ही त्यात वर राहतो. नात म्हणाली, आबा, तुम्ही बोलता तसंच लिहा. तसंच लिहितोय.

पिस्तूल म्हणजे तसलं नव्हे. छर्‍याचं, हवेवर चालणारं. नळीखाली एक सिलिंडर असतो, त्यात पंपाने हवा भरायची. कागदावर काळा गोल असतो, तो दहा मीटरवरून फोडायचा. नात दादरला एका शाळेच्या तळघरात शिकायला जाते. सुरुवातीला क्लबचं पिस्तूल वापरायची. मग सर म्हणाले, हिचा हात चांगला आहे, स्वतःचं घ्या. मुलगा नि सून एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. हिने विचारलंसुद्धा नाही केवढ्याला. हिची भिशी लागायची होती, त्यात दात बसवून घ्यायचे असं वर्षभर चाललेलं. म्हणाली, दात नसले तरी भात खाता येतो.

हिची भिशी त्या वर्षी पिस्तुलात गेली. आणायला गिरगावला आम्ही तिघं गेलो. जुनं दुकान आहे, काउंटरवर एक बाई असते, गिरगावातलीच ख्रिश्चन, फ्रॉक घालणारी, मराठी आपल्यापेक्षा फास्ट. तिने बिल कोणाच्या नावावर करू विचारलं. नात वयाने लहान, मुलगा सोबत नव्हता. ही म्हणाली, माझ्या. अशी आमची ही पिस्तुलाची मालकीण झाली.

त्या बाईने वॉरंटी समजावून सांगितली. कार्ड इंग्रजीत, पण तिने मराठीत सोडवून सांगितलं. वॉरंटी ज्याच्या नावावर बिल त्यालाच. बिल सांभाळून ठेवायचं. आत काही बिघडलं तर कंपनी फुकट करून देणार. पण या स्क्रूवर हा लाल ठिपका आहे ना, हे सील. कोणी उघडलं आणि ठिपका फुटला की वॉरंटी संपली. आणि बाहेरचं तेल-बिल काही घालायचं नाही. सोबत दिलेली ट्यूब आहे, तेवढीच लावायची.

उघडायचं नाही हे हिने मनावर घेतलं. तेलाचं मनावर घेतलं नाही. तेल न घालता चालणारं यंत्र हिने जन्मात पाहिलेलं नव्हतं.

पिस्तूल घरात आल्यावर ही बदलली म्हणाना. लालबागच्या मार्केटात मासेवालीशी घासाघीस करताना म्हणायची, नीट भाव सांग गो, घरात पिस्तूल आहे. मासेवाली म्हणायची, आजी, मग फुकट न्या. बाजूच्या ब्लॉकमधल्या वहिनी वाटीभर साखर मागून न्यायच्या ती परत करायचं नाव नसायचं. पिस्तूल आल्याच्या आठवड्यात वाटी आली, वर साखर जास्तीची. संध्याकाळी नात भिंतीवर कागद लावून नुसताच नेम धरायची, छर्रा न घालता. सर म्हणाले होते, हात स्थिर व्हायला पाहिजे. ही तिच्यामागे उभी राहायची आणि श्वास रोखायची. नात श्वास सोडायची तेव्हा ही सोडायची. मी म्हणायचो, अगं, तू कशाला जीव कोंडून घेतेस. ही हाताने मला गप्प करायची.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात. हिचं शिवणयंत्र मोठं, ते जागेवरच. पाटावर विळी, कोयती, नारळ खवायची किसणी, माझी पक्कड नि स्क्रूड्रायव्हर, मुलाचा लॅपटॉप. मिलमध्ये आम्ही साच्यांना झेंडूच्या माळा घालायचो, धोट्याला कुंकू लावायचो, त्यात वावगं काही नाही. नातीने पिस्तुलाची पेटी आणून पाटावर ठेवली आणि आंघोळीला गेली. ती जाता जाता बोलली होती, आजी, पेटीवरच लाव हं.

हिला ते पटलं नाही. म्हणाली, देवाची पूजा काय देव्हार्‍याच्या दाराला करतात? पेटी उघडली. पिस्तूल काढून मांडलं, नळीवर पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू, घोड्यावर फूल. घोडा म्हणजे ते बोटाने दाबायचं. मग म्हणाली, कोरडं दिसतंय बिचारं, आणि खोबरेल तेलाचा थेंब सोडला घोड्याच्या खाचेत. शिवणयंत्राला सोडते तसा. अक्षता टाकल्या. आरती केली. मी टाळ्या वाजवल्या.

नात आंघोळ करून आली तोवर पिस्तूल पुसून पेटीत गेलं होतं.

तेव्हा काही झालं नाही. थंडी पडली तेव्हा झालं. खोबरेल आत गोठलं, त्यात हळद नि कुंकू कालवलं गेलं, आणि घोडा अर्ध्यावर अडकायला लागला. नात दादरहून रडत आली. स्पर्धा महिनाभरावर. सरांनी पिस्तूल हुंगलं म्हणे आणि विचारलं, याला खोबर्‍याचा वास का येतो. नातीने आजीकडे बघितलं. ही खाली मान घालून भाजी निवडत बसली. मेथीची पानं कचर्‍याच्या टोपलीत आणि देठं भांड्यात टाकत होती.

त्याच संध्याकाळी ते पुसणं चाललं होतं. काड्यांनी वरवरचं निघालं, आतलं निघेना. घोडा तसाच. मला राहवेना. एवढे साचे मी खोलून जोडलेत, हे काय त्यापुढे. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन आलो. लाल ठिपक्यावर टेकवतोय तोच हिने माझ्या हातातून तो ओढून घेतला.

"उघडायचा नाय."

मी म्हटलं, पाच मिनिटांचं काम आहे.

"तुमचो साचो नाय तो. सील फुटला की वॉरंटी गेली. त्या बायने काय सांगितल्यान तेव्हा तुम्ही पंख्याखाली झोपलेलात."

झोपलो नव्हतो, डोळे मिटले होते. पण ही उठून स्क्रूड्रायव्हर घेऊन आत गेली आणि रिकाम्या हाताने आली. कुठे ठेवलास म्हटलं तर नुसती हसली. मी पिठाच्या डब्यात पाहिलं, गादीखाली पाहिलं, तांदळात हात घालून पाहिलं. ही मागे मागे फिरून मजा बघत होती. मी गार, गरम विचारायचो आणि ही सगळीकडे गारच म्हणायची.

मग नात आली. हिने तिला जवळ बसवलं आणि सांगितलं, उद्या सकाळी आपण गिरगावला जायचं. नात म्हणाली, आजी, आपण सांगू आपोआप अडकलं. नाहीतर ते म्हणतील बाहेरचं तेल घातलं, वॉरंटी नाही देत.

"मिया केलंय, मियाच सांगतलंय," ही म्हणाली. "तू माझ्या वतीने खोटा बोलशीत तर पुढच्या टायमाला नेम कसो लागतलो?"

जायची साडी काढून ठेवली. हिरवी. ती तशीच खुर्चीवर राहिली.

तेराव्यानंतर घरात सगळे पिस्तुलाचं बोलायला लागले. दुसरं काही बोलवत नव्हतं म्हणूनही असेल. मुलाला कोणीतरी भायखळ्याचा माणूस सांगितला होता, अशा वस्तू उघडून साफ करतो. सर म्हणाले, क्लबचं देतो तोवर. नात क्लबचं घेऊन दोन दिवस गेली. मूठ तिच्या हाताला मोठी, गोळी भलतीकडे. आली आणि कोपर्‍यात बसली. मला म्हणाली, आबा, आता आजीचं नाव कशाला मधे आणायचं? आपोआप अडकलं सांगू. मी म्हटलं, तुझ्या आजीने ठरवलंय तसं होणार. नाही दिली वॉरंटी तर नाही दिली. नातीला ते आवडलं नाही. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. पेटी माझ्या मांडीवर.

दुकानात तीच बाई. तिने पिस्तूल हातात घेतलं, घोडा दाबून पाहिला, मग नाकाशी नेलं. माझ्याकडे बघितलं.

मी सांगून टाकलं. खंडेनवमी, पाट, पाच बोटं, खोबरेल, सगळं. अक्षता पण सांगितल्या. नात माझा सदरा ओढत होती. बाई ऐकत होती, मग हसायला लागली आणि तिला खुर्ची ओढून बसावं लागलं. म्हणाली, काका, आमचे फादर नव्या गाडीवर पाणी शिंपडतात. भावाने स्कूटर नेली. फादरने एवढं प्रेमाने शिंपडलं की प्लगात गेलं. चर्चच्या दारातून ढकलत आणली घरी. पूजा केली तर पेटीची करायची ना, पेटीला वॉरंटी नाही.

म्हटलं, हेच नातीने सांगितलं होतं.

मग तिने भिंग लावून तो स्क्रू पाहिला. ठिपका शाबूत होता. म्हणाली, कोणी उघडलेलं नाही, हे फार बरं झालं. उघडलं असतंत तर मी काहीच करू शकले नसते. आता असं आहे, तेलाची साफसफाई वॉरंटीत बसत नाही, ती बाहेरचीच धरणार. पण घोड्याची स्प्रिंग हलकी झालीय, तो मूळचाच दोष आहे. ती वॉरंटीत बसेल. स्प्रिंग बदलायला उघडतील तेव्हा साफ करतीलच. पेन उघडलं आणि बिलावरचं नाव वाचलं.

"या कुठायत? ज्यांच्या नावावर बिल त्यांनीच द्यायचं असतं. हां, आठवल्या, हिरव्या साडीवाल्या. मला विचारत होत्या याचा आवाज फोडणीपेक्षा मोठा येतो का."

मी म्हटलं, "त्याच येणार होत्या. त्यांना स्वतःच सांगायचं होतं. पण त्या गेल्या."

बाईने पेन खाली ठेवलं. नात माझा सदरा ओढायची थांबली. बाहेर कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून उभा होता, तो वाजतच होता.

मग बाईने फोन उचलला आणि कंपनीला लावला. कंपनी बाहेरगावची, बोलणं हिंदीत. आवाज मोठा केला होता म्हणून सगळं ऐकू येत होतं. पलीकडे पोरगेला माणूस. बाईने सांगितलं, बिल आहे, सील आहे, स्प्रिंगचा प्रॉब्लेम आहे. तो म्हणाला, वॉरंटी फक्त पहिल्या खरेदीदाराला. कस्टमर कुठे आहेत?

बाई म्हणाली, "वो भगवान के पास हैं. उनके हजबंड लेके आए हैं."

मग त्याने विचारलं, पत्ता तोच आहे का. बाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तोच आहे म्हटलं, कुठे जाणार. तो म्हणाला, भेज दीजिए मॅडम. आणि मोबाईल नंबर कोणता टाकू, मेसेज जातील. बिलावर हिचाच नंबर होता. मी म्हटलं तोच राहू द्या, फोन माझ्याकडे आहे.

पावतीवर हिचं नाव आलं, खाली मी तिच्या वतीने सही केली. सही करायला मला वेळ लागतो, माझी ओळ वर चढते. बाई घाई न करता थांबली. बाहेर आल्यावर नातीने विचारलं, आबा, ते सील तुम्ही फोडत होतात ना त्या दिवशी? मी म्हटलं, कोणी सांगितलं तुला? आजीने. रात्री हसून हसून सांगत होती. मग तिने माझा हात धरला आणि आम्ही दोघांनी रस्त्यात उभं राहून पियूष प्यायलो. हिला पियूष आवडायचं नाही, गोड मिट्ट म्हणायची. आम्हाला आवडतं.

त्यानंतर गंमत झाली. हिचा बटणांचा फोन मी चार्ज करून उशाशी ठेवायचो. तो मधेच वाजायचा. कंपनी हिला मेसेज करायची. नात वाचून दाखवायची. आपली वस्तू आम्हाला मिळाली, धन्यवाद. आपली वस्तू तपासणीत आहे. आपण आमच्या मौल्यवान ग्राहक आहात. सून म्हणाली, आईंना आयुष्यात कोणी मौल्यवान म्हटलं नसेल. मी म्हटलं, मी म्हणायचो, तुम्ही नसायचात तेव्हा. सगळे हसले. तेराव्यानंतर घरात पहिल्यांदा सगळे एकदम हसले असतील. मेसेज आला की आता जो तो विचारायचा, आजीला काय आलंय. बाजूच्या वहिनीसुद्धा दारात येऊन विचारायच्या.

मला मात्र धाकधूक होती. स्पर्धा जवळ आली आणि मेसेज तपासणीवरच अडकलेला. नात रोज संध्याकाळी भिंतीवरच्या कागदासमोर रिकामा हात धरून उभी राहायची. मग मीच तिच्यामागे जाऊन उभा राहायला लागलो. श्वास रोखून पाहिला. मला फार वेळ जमत नाही, खोकला येतो. ती म्हणायची, आबा, हलू नका, माझा नेम जातो. हातात काही नाही आणि नेम जातो.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी गिरगावहून फोन आला, घेऊन जा. मी नि नात टॅक्सी करून गेलो. बाईने पेटी उघडली. पिस्तूल नवंकोरं. घोडा दाबला तर टक् आवाज आला, कोरडा. नातीच्या तोंडावर जे आलं ते बघायला ही पाहिजे होती, एवढंच वाटलं. पिस्तूल हुंगलं, खोबर्‍याचा वास नाही. मुठीच्या खाचेत हळदीचा पिवळा डाग राहिला होता तोही त्यांनी काढला होता. मी बाईला म्हटलं, फारच साफ केलं. तिला कळलं असावं. म्हणाली, काका, पेटी आहे ना.

घरी आल्यावर हिच्या फोनवर कंपनीचा फोन आला. माणूस नव्हे, मशीन. आमच्या सेवेने आपण समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा. मी फोन नातीकडे देत होतो, ती म्हणाली, आबा, तुम्ही दाबा, तुम्ही आजीच्या वतीने आहात. मी एक दाबला. मशीन म्हणालं, धन्यवाद. मी पण धन्यवाद म्हटलं.

दुसर्‍या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. आंघोळ केली. स्पर्धा वरळीला, नातीला लवकर निघायचं होतं. मी पेटी पाटावर ठेवली, बंद. मग हळदीकुंकवाचा करंडा शोधायला देव्हार्‍याखालचा ड्रॉवर उघडला. ती हिची जागा. एवढ्या वर्षांत मी त्यात कधी हात घातला नव्हता, वात हवी असली तरी हिलाच हाक मारायचो.

करंड्याच्या बाजूला स्क्रूड्रायव्हर होता.

त्याच्या लाकडी मुठीवर लाल बोटं उमटलेली. पिस्तूल पुसता पुसता हात लाल झाले होते हिचे, तसेच ओढून नेला होता. मला हसू आलं. अख्ख्या घरात मी हुडकत होतो आणि हिला पक्कं ठाऊक होतं, हा माणूस इथे काही हात घालणार नाही.

पेटीला पाच बोटं हळद लावली, पाच बोटं कुंकू. माझी बोटं जाडी, हिच्यासारखी सुबक आली नाहीत, दोन ठिपके एकात एक मिसळले. फूल ठेवलं. तेल नाही. आतून नात ओरडली, आबा, पेटीवरच ना? मी म्हटलं, पेटीवरच.

स्क्रूड्रायव्हर होता तिथेच ठेवला आणि ड्रॉवर लावला. पेटी उचलली. नात बूट घालून दारात उभी होती. आम्ही लिफ्टने खाली आलो.